विणकर, माळी आणि यात्रेकरू

पश्चिमेकडील देशांत गेल्या कांहीं वर्षांत सुटी घालविण्याची एक नवी रीत चांगलीच रूढ झाली आहे. दहाबारा स्त्रीपुरुषांची मंडळी एखाद्या जाणत्या मार्गदर्शकाबरोबर आठवडाभर खेड्यापाड्यांतून हिंडते. सकाळीं लोकरीचे गुंडे आणि सुया घेऊन तेथील कारागिरांपाशीं विणकाम शिकते, आणि दुपारीं जुन्या वाड्यांच्या बागा पाहते. स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड नांवाचीं बेटें आहेत. तेथें २०१० पासून लोकरीचा एक आठवडा साजरा होऊं लागला, आणि त्या थंड, वाऱ्याच्या बेटांवर दूरदूरचीं माणसें केवळ एखादा नवा टांका शिकण्यासाठीं जाऊं लागलीं. टॉमस कुक यानें ५ जुलै १८४१ रोजीं लेस्टरहून लफबरोपर्यंत आगगाडीनें आपली पहिली सहल नेली. तेव्हांपासून दुसऱ्यानें आंखून दिलेला प्रवास हा एक मोठा धंदाच झाला, आणि प्रवाशाच्या वाट्यास बहुतेक पाहण्याचेंच काम उरलें. सुया आणि बागा यांच्या या नव्या सहलींत त्याचे हात पुन्हां कामास लागले आहेत.

विणकाम घरीं बसून होतें. त्यासाठीं गांवोगांव हिंडण्याचा खटाटोप कशाला, असें आमच्या कित्येक वाचकांस वाटेल. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचें उत्तर शोधूं लागलों म्हणजे तें शेटलंडापेक्षां आपल्या मराठवाड्यांतच अधिक स्पष्ट सांपडतें. माग आणि बाग यांचा जोड, आणि त्या दोहोंस पोसणारा यात्रेकरू, हें तिकडे नवें असेल. आमच्याकडे तें दोन हजार वर्षांचें जुनें आहे. या लेखांत आम्ही वाचकांस त्याच वाटेनें नेणार आहों. आरंभ परळी वैजनाथापासून करूं.

बीड जिल्ह्यांतील हें क्षेत्र परंपरेनें बारा ज्योतिर्लिंगांत गणलें जातें. झारखंडांतील देवघरचे लोक हा मान आपल्या वैद्यनाथास देतात. त्या वादांत येथें शिरण्याचें कारण नाहीं. टेकडीच्या उतारावर दगडी देऊळ, त्याच्या रुंद पायऱ्या आणि जवळचें हरिहर तीर्थ हें सारें आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिलें असेल. समुद्रमंथनांतून निघालेले अमृत आणि धन्वंतरि देवांनीं या लिंगांत लपविले अशी कथा आहे; भोंवतालच्या डोंगरांवर औषधी वनस्पति विपुल आहेत, अशीहि लोकांची समजूत आहे. परंतु परळीचा खरा विशेष निराळाच आहे. येथें भाविकास लिंगास स्वतः हात लावून दर्शन घेतां येतें. पुष्कळ मोठ्या देवस्थानांत गाभाऱ्याच्या उंबरठ्याबाहेरून डोळ्यांनींच समाधान मानावें लागतें. परळीस दर्शन हातानें पुरें होतें. कथेंत असें सांगतात कीं, दैत्यांनीं लिंगास हात लावूं जातांच त्यांतून ज्वाळा निघाल्या, आणि भक्तांनीं हात लावतांच अमृताची धार आली. कथेचा अर्थ ज्यानें त्यानें लावावा. आम्हांस तींत एवढेंच महत्त्वाचें वाटतें कीं, आमच्या पूर्वजांनीं स्पर्शालाहि ज्ञानाची एक वाट मानलें होतें.

जुनी यात्रा हीहि आंखून दिलेलीच असे. क्षेत्रोपाध्ये यात्रेकरूची उतरण्याची सोय करीत, कोणतें तीर्थ आधीं आणि कोणतें मागून हें सांगत, आणि आपल्या वहींत त्याच्या कुळाची नोंद करून ठेवीत. नातू आला म्हणजे त्यास आजोबाची नोंद दाखवीत. देवदर्शन झाल्यावर यात्रेकरू बाजारांत जाई, आणि तेथें कुंकू, तांब्याचीं भांडीं, माळा यांच्याबरोबर वस्त्रांचा आणि घोंगड्यांचाहि व्यवहार चाले. घोंगडें ही तर यात्रेकरूची अर्धी गृहस्थी: रात्रीं अंथरूण, पहाटे पांघरूण, पावसांत खोळ, आणि दुपारीं झाडाखालीं बैठक.

दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ आणि बहुधा काळी असते. ती कातरून, पिंजून बायका तिचें सूत काढीत. सनगर लोक चिंचोक्याची खळ लावून ताणा ताठ करीत आणि खड्ड्याच्या मागावर पट्टी विणीत. परदेशच्या सहलींत लोकरीचें जें कौतुक होतें, तें पाहून आमच्या घोंगड्याची आठवण व्हावी हें साहजिकच आहे. दोन्ही कामांत फरक मात्र आहे. सुयांवरचें विणकाम एका धाग्याचें; तो धागा स्वतःच्याच फांसांत अडकत पुढें जातो. मागावरचें विणकाम दोन धाग्यांचें. उभा ताणा स्थिर राहतो आणि आडवा बाणा त्यांतून ये-जा करतो. मराठी भाषेनें या दोहोंस एकच क्रियापद दिलें आहे. ती स्वेटरहि विणते, लुगडेंहि विणते, बाजहि विणते आणि टोपलीहि विणते. हें भाषेचें दारिद्र्य समजूं नये. तंतूंना बोटांनीं शिस्त लावणें हें सर्वांचें मूळ एकच आहे, हें तिला ओळखतां आलें.

परळीच्या देवालयाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनीं केला. हिंदुस्थानभर घाट, देवळें, धर्मशाळा आणि विहिरी बांधणारी ही राणी यात्रेकरूंची आश्रयदात्री म्हणून सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिच्या कीर्तीची दुसरी बाजू तितकीच मोलाची आहे. १७६७ ते १७९५ या तिच्या कारकीर्दींत नर्मदेच्या कांठचें महेश्वर हें राजधानीचें गांव झालें, आणि तेथें तिनें ठिकठिकाणचे विणकर आणून वसविले. दरबारांतून पाहुण्यांस देण्याचीं लुगडीं आणि पागोटीं या मागांवर निघूं लागलीं, आणि किल्ल्याच्या दगडावरील नक्षी व नदीच्या लाटा महेश्वरीच्या कांठावर उतरल्या. देऊळ बांधणारा हात आणि माग बसविणारा हात एकाच व्यक्तीचा होता, ही गोष्ट योगायोगाची नव्हे. घाटावर यात्रेकरू येईल, यात्रेकरू वस्त्र घेईल, वस्त्रावर विणकराचें घर चालेल, आणि विणकर वसला म्हणजे गांव वसेल, हें त्या चतुर राज्यकर्तीस ठाऊक होतें. पुढें संस्थानांचे दिवस गेले तसे महेश्वरचे माग थंडावले. १९७९ मध्यें होळकर घराण्यांतील रिचर्ड आणि सॅली होळकर यांनीं रेहवा ही संस्था स्थापून स्त्रियांच्या हातीं ते पुन्हां दिले. तेव्हांपासून महेश्वरास येणारा प्रवासी घाट पाहून मागाच्या ओसरीवरहि डोकावूं लागला.

परळीहून थोड्याच अंतरावर अंबाजोगाई आहे. योगेश्वरीचें आणि मुकुंदराजांचें स्थान म्हणून लोक तेथें जातात. आम्ही वाचकांस तेथील एका वस्त्राची आठवण देतों. दासोपंत (१५५१–१६१५) यांनीं आपलें 'पंचीकरण' कागदावर न लिहितां एका पासोडीवर लिहिलें. पासोडी म्हणजे जाडेंभरडें पांघरण्याचें कापड. हें तर सुमारे ४० फूट लांब आहे. वेदांतासारखा सूक्ष्म विषय खरखरीत कापडावर मांडलेला पाहून मन थक्क होतें. दासोपंतांचें नांव राहिलें. ज्याच्या मागावर तें कापड निघालें, त्याचें नांव कोणीं लिहून ठेविलें नाहीं. पण त्याचा धागा चारशें वर्षें टिकला म्हणूनच ग्रंथहि त्या रूपांत टिकला.

येथून पुढें धाराशिव जिल्ह्यांत तेर हें गांव लागतें. गोरोबाकाकांचें तेर म्हणून वारकरी त्यास ओळखतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत मिसर देशांत राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें समुद्रमार्गांची जी माहिती लिहून ठेविली, तींत याच गांवाचें नांव 'तगर' असें आलें आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असें तो सांगतो. पैठणाहून मौल्यवान खडे आणि तगराहून जाडें कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मुलखांतून भडोचपर्यंत नेत, आणि तेथून तीं रोमच्या बाजारास जात. मराठवाड्याची भूमि ही आज आपल्याला दुष्काळाच्या बातम्यांतून भेटते. त्या काळीं ती जगाला वस्त्रें पुरवीत होती. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयांत उत्खननांतल्या वस्तु पाहावयास मिळतात. कापड अर्थातच मातींत मिळालें. मातीच्या वस्तु राहिल्या. विणकराच्या कलेचा हाच शाप आहे: ती रोज नव्यानें करावी तेव्हांच जिवंत राहते.

तेरहून मागें वळून गोदावरीच्या कांठीं पैठणास आलें म्हणजे माग आणि बाग एकमेकांस प्रत्यक्ष भेटतात. पैठणीचा पदर हा खरोखर एक बगीचाच आहे. असावलीची वेल, कमळ, कोयरी, बांगडी मोर, वेलीवर बसलेला हिरवा मुनिया, कांठावर नारळी नक्षी! हीं फुलें भरतकामानें वरून काढलेलीं नसतात. तीं मुळांतच विणलेलीं असतात. जितके रंग तितक्या निरनिराळ्या कांड्या विणकर एका ओळींत मांडतो. प्रत्येक रंगाचा धागा आपल्या हद्दीपर्यंत नेतो, शेजारच्या धाग्यांत अडकवितो आणि परत फिरवितो. म्हणून अस्सल पैठणीचा पदर उलटा धरला तरी सुलट्यासारखाच दिसतो. साधें लुगडें कांहीं आठवड्यांत उतरतें. भरगच्च पदरास कित्येक महिने लागतात. माळी ज्याप्रमाणें आज लावलेल्या कलमाचें फूल पुढच्या हंगामांत पाहतो, त्याप्रमाणें विणकर चैत्रांत आरंभिलेला मोर दसऱ्याच्या सुमारास पुरा झालेला पाहतो.

पैठणाहून उत्तरेस औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, आपण जातों तेव्हां बागांचें राज्य लागतें. मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं खडकी वसविली आणि डोंगरांतलें पाणी जमिनीखालच्या नहरींतून शहरांत आणलें. या पाण्याशिवाय पुढचें कांहींच झालें नसतें. मोगलांनीं त्याच मुलखांत बागा उठविल्या. १६६०-६१ च्या सुमारास पुरा झालेला बीबीका मकबरा हा चारबाग पद्धतीच्या बागेच्या मधोमध उभा आहे. ताजमहालाशीं तुलना करण्याच्या नादांत लोक त्याची बाग पाहण्याचेंच विसरतात. त्याच्या प्रवेशद्वारावर अताउल्ला आणि हंसपतराय या कारागिरांचीं नांवें कोरलेलीं आहेत. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की दूरवरून मातीच्या नळांनीं आणलेल्या पाण्यावर फिरे आणि फकिरांसाठीं धान्य दळी. हिमायत बाग ही मोगल बाग आज फळझाडांच्या संशोधनाचें केंद्र झाली आहे.

याच शहराच्या मोहल्ल्यांत हिमरू विणला जाई. हिमरू म्हणजे सूत आणि रेशीम मिळून विणलेलें, किनखापाची आठवण देणारें वस्त्र. महंमद तुघलखानें १३२७ मध्यें राजधानी दौलताबादेस आणली, तेव्हां विणकरहि बरोबर आले, अशी त्याच्या उगमाची कथा सांगतात. त्यावरील डाळिंब, अननस, चमेली हीं पाहिलीं कीं, विणकर कोणत्या बागेच्या भिंतीशेजारीं राहत होता हें विचारावें लागत नाहीं. पुढें खुलदाबादेस बनी बेगमेची बाग आहे, आणि तेथूनच जवळ औरंगजेबाची कबर. आपण स्वतः टोप्या शिवून मिळविलेल्या चार पैशांतच आपला अंत्यविधि व्हावा, अशी इच्छा त्यानें व्यक्त केली होती असें सांगतात. त्याच्या राज्यकारभाराविषयीं इतिहासानें जो निवाडा दिला तो दिलाच आहे; पण सारी दौलत भोगल्यावर आपली म्हणावी अशी कमाई त्यास हातच्या टांक्यांतच दिसली, आणि त्या उघड्या कबरीवरील मातींत सबज्याचें झुडूप तेवढें राहिलें, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

आतां वाचक विचारतील कीं, माग आणि बाग हीं दोन्ही एकाच मुलखांत असलीं म्हणून त्यांचा संबंध काय? संबंध असा आहे कीं, दोन्ही एकाच वेळीं फुललीं आणि एकाच वेळीं कोमेजलीं. दोहोंस सावकाश काम, नित्याची देखभाल आणि आश्रयदाता लागतो. एक हंगाम दुर्लक्ष झालें तर दोन्ही जातात. सातवाहनांपासून यादवांपर्यंत, मोगलांपासून पेशव्यांपर्यंत आणि पुढें निजामापर्यंत आश्रयदाते बदलत गेले, पण कोणी तरी होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान भारतांत आलें आणि मराठवाडा स्वतंत्र झाला. हें मुक्तीचें मोल अपार आहे, त्याविषयीं दुमत नाहीं. परंतु दरबार गेले त्याबरोबर दरबारी गिऱ्हाईकहि गेलें, आणि त्याची जागा घेण्याचें काम तुमच्या आमच्यासारख्या मध्यम स्थितींतील कुटुंबांवर येऊन पडलें. तें आपण कितपत पार पाडलें, हा खरा प्रश्न आहे.

नव्या राज्यानें आपल्यापरी प्रयत्न केले. १९६५ मध्यें लालबहादुर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडी धरणाची कोनशिला बसली आणि १९७६ मध्यें इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचें उद्घाटन झालें. धरणाच्या पायथ्याशीं म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर संत ज्ञानेश्वर उद्यान उभारलें, आणि पैठणांत पैठणी केंद्र चाललें. एका गांवांत धरण, बाग आणि माग! यापेक्षां चांगली योजना कोणती? पण पुढें उद्यानाची देखभाल हटली आणि त्याची रया गेली. पैठणीस मात्र २०१० मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. पाण्याचा प्रश्न तर सर्वांच्या वर उभा आहे. २०१३ च्या दुष्काळांत पाण्यावांचून परळीचें औष्णिक वीजकेंद्र बंद ठेवावें लागलें, हें आमच्या वाचकांस आठवत असेल. जेथें विजेच्या कारखान्यास पाणी मिळालें नाहीं, तेथें फुलझाडांस कोण विचारतो? म्हणूनच मराठवाड्यांतील बाग पाहणें म्हणजे फुलें मोजणें नव्हे. पाणी कोठून आणलें, कोणीं राखलें आणि कोणीं गमावलें, हें पाहणें होय.

सुशिक्षित घरांत सुयांवरचें विणकाम आणि भरतकाम शिरलें त्याचाहि येथें उल्लेख केला पाहिजे. मिशनरी बायांच्या शाळांतून आणि पुढें १९०९ मध्यें पुण्यास निघालेल्या सेवासदनासारख्या संस्थांतून स्त्रियांस हातकामाचें शिक्षण मिळूं लागलें, आणि कित्येक निराधार भगिनींस त्यानें स्वतःच्या पायांवर उभें केलें. परंतु त्याबरोबर एक भिंतहि उभी राहिली. आमच्या घरांतील विणकाम तें 'कला' झालें, आणि कोष्ट्याच्या, साळ्याच्या, सनगराच्या घरचें विणकाम तें 'धंदा' राहिलें. आमच्या गृहिणींनीं बाळाचें अंगडें विणलें आणि त्याचें कौतुक झालें. त्याच हातांनीं घोंगड्याच्या किंमतींत दोन आणे कमी करण्यासाठीं घासाघीस केली. क्रियापद एकच असून माणसें दोन झालीं.

ही भिंत पाडण्याचें काम प्रवास करूं शकतो, असें आमचें मत आहे. कोणी म्हणतील कीं, आठ दिवसांत कोणी विणकर होत नाहीं, ही श्रीमंतांची गंमत आहे. विणकर होत नाहीं हें खरेंच. पण एक तास मागावर बसून, धोटा चुकवून, तुटलेला ताणा जोडून जो उठतो, तो पुन्हां कधीं पैठणीच्या किंमतीवरून विणकराशीं वाद घालीत नाहीं. यंत्रमागावरची स्वस्त नक्कल आणि हातमागाचें वस्त्र यांतला फरक त्यास कोणीं समजावून द्यावा लागत नाहीं. पदर उलटा करून तो स्वतःच पाहतो. दुपारीं नहरीच्या कोरड्या बंब्यापाशीं उभा राहिलेला प्रवासी घरच्या नळाकडेहि निराळ्या दृष्टीनें पाहूं लागतो. हें ज्ञान पुस्तकानें येत नाहीं आणि नुसत्या छायाचित्रानें तर मुळींच येत नाहीं.

मात्र अशा प्रवासांत एक पथ्य पाळलें पाहिजे. विणकरानें शिकविलें तर तो त्या वेळेपुरता आपला गुरु आहे; त्याच्या वेळेचें मोल वस्त्राच्या मोलाहून निराळें मोजून द्यावें. मागावर बसलेल्या माणसास देखावा समजून गर्दी करूं नये. जुना यात्रेकरू क्षेत्रोपाध्यायास दक्षिणा देत असे. कारागिरास ती देण्यास आपण कां लाजावें?

परळीहून अंबाजोगाई, तेथून तेर, पुढें पैठण आणि शेवटीं खुलदाबाद, अशी ही वाट कोणत्याहि कुटुंबास सुटींत करतां येण्याजोगी आहे. तिच्यावर देव आहेत, संत आहेत, राजे आहेत; पण त्यांच्याबरोबर ज्यांचीं नांवें कोठेंहि कोरलेलीं नाहींत असे विणकर आणि माळीहि आहेत. पहिल्यांची आठवण ठेवण्यास देवळें आणि ग्रंथ पुरेसे आहेत. दुसऱ्यांची आठवण त्यांचें काम चालूं राहिलें तरच राहील, आणि तें चालूं ठेवणें आतां कोणा राजाच्या हातीं नाहीं.